चारशे बारा वेळा विकली गेलेली तिवई

मित्रांनो, मी एक जुनी शिसवी तिवई आहे. जुनी म्हणजे वयानं. अंगावर ओरखडा म्हणून सापडायचा नाही. सात वर्षांत मी चारशे बारा वेळा विकली गेले आणि एकदाही ही खोली सोडून कुठे गेले नाही. हे कसं, ते सांगते. गोष्ट गोड नाही, आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून तक्रार नको.

मला सुतारकाकांनी घडवलं. तीन पाय, तिन्ही खाचेत ठोकून बसवलेले, कुठे खिळा नाही. मी तयार झाले तेव्हा काकू हसल्या होत्या, "तीन तिघाडा काम बिघाडा!" काका म्हणाले, "चार पायांची खुर्ची वाकड्या जमिनीवर डुगडुगते. तिवई डुगडुगत नाही. करून बघ." काकूंनी अंगणातल्या उंचसखल फरशीवर मला चार ठिकाणी ठेवून पाहिलं आणि माझ्यावर पाण्याचा भरलेला तांब्या ठेवला.

काकांचं रस्त्यावरचं दुकान तेव्हा बंद पडत आलं होतं. लोक यायचे, लाकडावरून हात फिरवायचे, "छान आहे हो" म्हणायचे आणि फोनवरून दुसरीकडचं मागवायचे. शेवटी काकांच्या सूनबाईंनीच फोनवरच्या त्या मोठ्या बाजारात त्यांचं दुकान मांडलं. त्याला मी नुसता बाजार म्हणते, नाव घेऊन काय करायचंय! फोटो सूनबाईंनी काढले, वर्णनं त्यांनी लिहिली, खोक्यांना चिकटपट्ट्याही त्यांनीच लावल्या. वर्षभरात तीच घराची भाकरी झाली. मग रस्त्यावरचं दुकान काकांनी सोडून दिलं.

काम वाढलं तसा घोळही वाढला. खुर्ची संपलेली असायची आणि बाजारात शिल्लक दिसायची. म्हणून सूनबाई मदत मागायला या कंपनीत आल्या. कंपनी म्हणजे दाताच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्या. इथे दुकानदारांसाठी जोडणी करून देतात. जोडणी म्हणजे असा प्रोग्रॅम, जो बाजाराशी परस्पर बोलतो. ऑर्डर आली की उचलतो, माल संपला की कळवतो, किंमत बदलतो. इथली माणसं त्या बोलण्याला एपीआय म्हणतात.

पण जोडणी कोणाच्या हाती देण्याआधी तपासावी लागते. पोहायला शिकणाऱ्याला आधी कमरेएवढ्या पाण्यात सोडतात ना, तसं. काही बाजार अशी सरावाची वेगळी जागा देतात. तिथे माल खोटा, गिऱ्हाईक खोटं, चुकलं तरी कोणाच्या बापाचं काही जात नाही. या बाजारानं अशी जागा ठेवलीच नव्हती. कंपनीनं दोनदा पत्र लिहून मागितली. दोन्ही वेळा उत्तर आलं, "आपल्या मौल्यवान सूचनेबद्दल आभार." म्हणजे सराव करायचा तो भर बाजारात, खऱ्या दुकानात. आता कंपनीनं स्वतःचं एखादं दुकान काढायला हवं होतं. पण त्याला कागदपत्रं लागतात, गोदाम लागतं, चार फेऱ्या माराव्या लागतात. एवढी खटपट कंपनीच्या साहेबांना नको होती.

साहेब काकांना म्हणाले, "काका, तुमच्या दुकानात आमची एक वस्तू मांडू द्या ना. तपासण्यापुरती. विकायची नाही."

काका म्हणाले, "तुमची कशाला? माझीच एक देतो. फोटो तरी झक्क येईल."

आणि दुसऱ्या दिवशी ते मला जुन्या चादरीत गुंडाळून तीन जिने चढून घेऊन आले. सोबत सूनबाईंनी दुकानाचा पासवर्ड कागदावर लिहून आणला होता. माणसं घराची किल्ली शेजाऱ्याला देतात, त्याच विश्वासानं तो त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवला.

मला फळीवर, दिव्याखाली जागा मिळाली. माझी जबाबदारी एका मुलीकडे आली. ती तपासनीस. प्रत्येक गोष्टीत तिला शंका, म्हणून ऑफिसात सगळे तिला शंकाताई म्हणत. तिनं माझी किंमत अशी अवाच्या सवा लावली की राजासुद्धा दोनदा विचार करील. नावापुढे लिहिलं, 'तपासणीसाठी, कृपया घेऊ नये'. मग कोणीतरी सहकारी आपल्या फोनवरून मला विकत घ्यायचा, प्रोग्रॅमनं ऑर्डर पकडली की नाही हे शंकाताई पाहायची, आणि दहा मिनिटांच्या आत तोच सहकारी ऑर्डर मागे घ्यायचा. झाली तपासणी.

यात एक मेख होती, मित्रांनो, आणि सगळी गोष्ट तिच्यावरच अडली आहे. गिऱ्हाइकानं ऑर्डर मागे घेतली तर बाजाराला त्याचं काही वाटत नाही. दुकानदारानं रद्द केली, तर मात्र बाजाराच्या लेखी त्यानं शब्द मोडला. त्याचा डाग दुकानावर बसतो. डाग फार झाले की दुकान बंद. आता 'माल नाही म्हणून दुकानानं रद्द केली' ही गोष्टही तपासावी लागतेच. तो डाग बसायचा काकांच्या नावावर.

शंकाताईनं म्हणून नियम केला होता. तसली तपासणी महिन्यातून एकदाच. केली की ती मला उलटी करायची आणि माझ्या पोटावर पेन्सिलीची बारीक रेघ ओढायची. साहेब चिडवायचे, "तिवईची कुंडली मांडतेस का?" ती म्हणायची, "सर, दुकान आपलं नाहीये."

सहा वर्षं असं चाललं. जोडणी चाळीस दुकानांना विकली गेली. पाहुणे आले की साहेब माझ्याकडे बोट दाखवायचे, "ही आमची हीरोइन!" मला तेव्हा फार बरं वाटायचं. आज सांगायला लाज वाटते, पण वाटायचं. मधेच एकदा कोण्या आजीनं बाजारातून विचारलं होतं, 'किंमत चुकून पडली आहे का? नातीला फार आवडली आहे.' त्यांना छापील उत्तर गेलं, 'ही वस्तू विक्रीसाठी नाही.' बाजारात मांडलेली आणि विक्रीसाठी नसलेली! त्या आजींनी काय समजायचं?

सातव्या वर्षी शंकाताईच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. ती चार दिवस रजेवर गेली. नेमकं त्याच आठवड्यात एक बडं गिऱ्हाईक जोडणी बघायला येणार होतं. साहेबांनी दाढीवाल्याला बोलावलं. तो प्रोग्रॅम लिहायचा.

"सगळ्या चाचण्या एकदम लाव. आज संपवून टाकू."

"सर, दुकानाकडून रद्द करायचीपण? शंकाताई म्हणाली होती की—"

"सगळ्या म्हणजे सगळ्या. ती आली की परत शंका काढत बसेल."

दाढीवाल्यानं लावल्या आणि चहाला खाली गेला. प्रोग्रॅमनं मला घेतलं, दुकानाच्या नावानं रद्द केलं आणि बाजाराच्या होकाराची वाट पाहिली. होकार उशिरा आला. प्रोग्रॅमला वाटलं, काम झालंच नाही. त्यानं पुन्हा घेतलं, पुन्हा रद्द केलं. मी फळीवर बसून पडद्यावर ते बघत होते. मला हात असते तर मी ती वायर उपटली असती. दाढीवाला वर आला तोवर सुतारकाकांनी एकसष्ट वेळा शब्द मोडला होता. काका तेव्हा घरी कुठल्याशा खुर्चीला पॉलिश करत असतील.

संध्याकाळी पडद्यावर लाल पट्टी आली. दुकान बंद.

साहेबांनी ती पाहिली. म्हणाले, "होईल आपोआप चालू. कोणाला बोलू नकोस." बड्या गिऱ्हाइकाला मात्र जोडणी पसंत पडली. पेढे नव्हते, पण टाळ्या झाल्या.

तिसऱ्या दिवशी काका आणि सूनबाई आले. काकांना धाप लागली होती.

"साहेब, काहीतरी घोटाळा झालाय. आम्ही एक ऑर्डर चुकवली नाही हो. अठरा खुर्च्या बांधून पडल्यात. दारसुद्धा धड उघडत नाही घराचं."

"सिस्टिमचा प्रॉब्लेम असतो काका. तुम्ही चहा घ्या."

त्याच सकाळी शंकाताई कामावर परतली होती. तिनं नोंदी उघडल्या आणि तिचा चेहरा पडला. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "काका, ते आम्ही केलंय."

सूनबाईंनी हळूच विचारलं, "मग तसं कळवा ना त्यांना."

"ते एवढं सोपं नाही," साहेब म्हणाले. "ऑर्डरी आमच्याच होत्या असं सांगितलं, तर ते बाजाराशी जोडायची आमची परवानगी काढून घेतील. चाळीस दुकानं बसतील खाली. एकासाठी चाळिसांच्या पोटावर पाय देऊ का? तुम्हीच सांगा काका."

ही साहेबांची हुशारी. स्वतःचं भांडं झाकायचं, आणि झाकण समोरच्याला धरायला लावायचं.

सूनबाई म्हणाल्या, "बाजारापुढे बाजू एकदाच मांडता येते, असं त्यांच्या पत्रात लिहिलंय. एकदाच."

"मग लिहा, इंटरनेट बंद होतं," साहेब म्हणाले. "मजकूर मी देतो."

काकांनी चहाचा कप तसाच बाजूला सारला. मग ते शंकाताईला म्हणाले, "पोरी, तू लिही. जे झालं ते. खरं लिहिलं तर कोण कशाला अडवेल?"

साहेब उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. शंकाताईनं लिहिलं. तारीख, वेळ, चूक कोणाची, दुकानदाराला काहीच ठाऊक नव्हतं, सगळं. खाली स्वतःचं नाव घातलं. सूनबाईंनी वाचून मान हलवली आणि काकांनी स्वतःच्या बोटानं ते पाठवलं.

तीन मिनिटांत उत्तर आलं. इतक्या लवकर माणूस वाचतसुद्धा नाही. सूनबाईंनी मोठ्यानं वाचलं, "आपण खोट्या ऑर्डरी झाल्याचं मान्य केलं आहे. नियमानुसार आपलं खातं कायमचं बंद करण्यात येत आहे. हा निर्णय अंतिम आहे."

कंपनीबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. कंपनीची परवानगी आजही शाबूत आहे. साहेब ज्याला इतके भ्याले, ते झालंच नाही. खरं बोलल्याचा सगळा फटका एकट्या खऱ्या माणसाला बसला.

काका ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "असू दे पोरी. तू खोटं नाही लिहिलंस." आणि कठड्याला धरून जिना उतरून गेले. मला न्यायचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

शंकाताईनं महिनाअखेर नोकरी सोडली. जाताना ती दाढीवाल्याला सांगत होती, काका आता कोणाच्या तरी कारखान्यात लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांना कडा चिकटवतात, वयाच्या बासष्टाव्या वर्षी. दाढीवाल्यानं मान वर केली नाही. साहेब मात्र अजून सगळ्यांना सांगतात, "बघा, मी म्हणत होतो, खरं लिहू नका." जणू चूक पत्राचीच होती!

मित्रांनो, माझ्या जातीच्या वस्तू शेवटी तुमच्याकडे एक मागणं मागतात. आम्हाला पुसा, सांभाळा, अडगळीत टाकू नका. मी ते मागत नाही. मला इथे रोज पुसतात. चूक करू नका असंही म्हणत नाही, शिकणाऱ्याच्या हातून चुका व्हायच्याच. पण तुमच्या चुकीचे डाग ज्याच्या नावावर बसणार आहेत, त्याच्या घरी आधी एकदा जाऊन या. त्याची चूल कशावर पेटते ते बघा. साहेब सात वर्षांत एकदाही गेले नाहीत.

आज सकाळी दोरीच्या टोपल्या विणणारी एक बाई आली होती. साहेब तिला मावशी म्हणाले. तिची एक सुरेख टोपली आता माझ्या शेजारी, दिव्याखाली आहे. तिचा पासवर्ड साहेबांच्या खणात आहे. दुपारपासून टोपली तीनदा विकली गेली. फळीवर तिला हळूच सांगावं म्हणते, पण सांगून ती तरी काय करणार?