तुरीतला वाघ

माझ्या माहेराहून आलेलं वाघाच्या चित्राचं ब्लँकेट आमच्या ह्यांनी, म्हणजे किसनरावांनी, मला न विचारता शेतात नेलं तेव्हाच माझं डोकं फिरलं. बोरी अरबच्या शिवारातली आमची तूर सोंगायला, म्हणजे कापायला, आली होती आणि रोज दिवस मावळता रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप येऊन ती फस्त करत होता. रोही बिचकावेत म्हणून लोक धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जुन्या साड्या बांधतात. ह्यांनी तुरीच्या मधोमध बांबू ठोकून थेट वाघच ताणला.

"एवढे मोठाले पट्टे पाहून कोन्ता रोही थांबते?" म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेमकी वाघाच्या नाकासमोरची तूर खाल्लेली. एक शेंग शिल्लक नव्हती.

संध्याकाळी आम्ही दोघं पाहायला गेलो. रोही निवांत चरत होते आणि वाघ कुठंच दिसेना.

"विमल, ब्लँकेट चोरलं वं कोनंतरी!" म्हणत हे वाकून तुरीत घुसले. पिवळी पानं, काळसर काड्या, वरून तिरपं ऊन. मलाही काही उमगेना. तेवढ्यात तुरीतून ह्यांची अशी बोंब उठली की मी दोन पावलं मागं सरले. रोही उधळले ते नाल्यापलीकडेच थांबले.

हे वाघाच्या मिशीला मिशी लावून बसले होते.

"मले हातभरावरून दिसला नाही," घाम पुसत म्हणाले, "तं रोह्याले काय दिसन? पट्टे त्याले लपाले असतेत वं, दाखवाले नाही."

"हे मी घरीच सांगतलं असतं. इचारलं कोनं?"

ब्लँकेट मी घरी आणलं. रोह्यांना पळवलं ते त्या बोंबेनं, हे आता आम्हाला कळलं होतं. पण दुसऱ्या दिवशी हे धुऱ्यावर उभे राहून कितीही ओरडले तरी रोही फक्त मान वर करायचे. भ्यायल्याशिवाय तसा आवाज निघेना.

मग ह्यांना दचकवायला मीच तुरीत दडून बसायला लागले. एकरंगी मातकट साडी नेसले तर हे लांबूनच म्हणाले, "दिसून राह्यली!" तशीच मातकट, पण बुट्ट्याबुट्ट्यांची नेसले, तर पार पायाशी येईपर्यंत त्यांना पत्ता नाही. सोंगणी होईस्तोवर रोज मी झडप घातली. मी तिथंच आहे हे ठाऊक असूनही हा माणूस रोज तितकाच भ्यायचा आणि हसून हसून माझं पोट दुखायचं.

तूर घरात आली, त्या संध्याकाळी हे ओट्यावर बसून शेताच्या वाटेकडं पाहत होते. म्हणाले, "आता दिवस मावळला का करमन काय वं?"