अनार्गिरोसचा चाळिसावा

शनिवारी सकाळी एवान्थियानं चार किलो गहू उकडले, स्वच्छ चादरीवर पसरले आणि कंबरेवर हात ठेवून ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली. चार किलो! आणि खाणार कोण? उद्या तिच्या गेलेल्या नवऱ्याचा, अनार्गिरोसचा, चाळिसावा दिवस. चर्चमध्ये प्रार्थना, मग शेजारच्या दालनात आल्यागेल्याला कोलिवा, कोनियाक ब्रँडीचा पेला आणि माशाचं जेवण. कोलिवा म्हणजे हेच गहू, साखर, बदाम, डाळिंबाचे दाणे घातलेले. चमचाभर तोंडात टाकायचे आणि म्हणायचं, ‘देव त्याला क्षमा करो.’ जितकी तोंडं, तितकी क्षमा. आणि अनार्गिरोसला तर ती पोत्यानं लागणार होती.

अनार्गिरोस या नावाचा अर्थ पैसे न घेणारा. आईबापांनी भोळेपणानं संतांचं नाव ठेवलं, त्यांना बिचाऱ्यांना काय कल्पना! नाफ्प्लिओच्या बंदरामागच्या गल्लीत चाळीस वर्षं त्यानं खाणावळ चालवली, पण जेवण झाल्यावर गिऱ्हाइकाला घरचा म्हणून चमचाभर मुरांबा फुकट दिला असेल तर शपथ. शेजारच्या खाणावळवाल्या पान्देलिसची टेबलं नगरपालिकेच्या पिवळ्या रेघेबाहेर वीतभर आली म्हणून त्याच्यावर खटला. समोरच्या बेकरीवालीच्या, मारिगोच्या धुराड्यावर खटला. एवढं कमी म्हणून की काय, चर्चच्या घंटेवर खटला! घंटेनं गिऱ्हाइकाची भूक मरते, असं त्यानं सहीनिशी लिहून दिलं होतं. त्याच्या अंत्यविधीला अख्खी गल्ली हजर होती. पण ती खात्री करून घ्यायला.

चाळिसाव्याला कोण येतंय? खांबाखांबावर चिकटवलेली सूचना लोक वाचत होते, छातीवर क्रूस काढत होते आणि चालू लागत होते. भाजीवालीकडे जमलेल्या बायकांपाशी विषय काढला, तर एकीचे नेमके उद्याच ऑलिव्ह उतरवायचे होते आणि दुसरीचा गुडघा नेमका उद्याच दुखणार होता. देशाची राजधानी आपल्याकडून अथेन्सनं पळवली, याचा राग दोनशे वर्षं होत आली तरी न विसरणारं हे गाव. रिकामं दालन ते विसरणार होतं होय? एवान्थियाला त्या दालनातल्या रिकाम्या खुर्च्या आत्ताच दिसायला लागल्या.

तेवढ्यात तिच्या बहिणीचा मुलगा मिल्तोस कॉफीला टपकला. हा प्रवाशांना गाव दाखवायचा. ‘नऊ घासांत नाफ्प्लिओ’ अशी त्याची फेरी होती: एक गल्ली, एक गोष्ट, एक घास. गोष्टी बहुतेक त्यानं स्वतःच रचलेल्या. त्याचं ऐकावं तर या गावच्या प्रत्येक सज्ज्यामागे कुणी ना कुणी सेनापती झोपून गेलेला.

“मिल्तोस, उद्या किती माणसं आहेत तुझ्याकडे?”

“चौदा. का गं मावशी?”

“घेऊन ये त्यांना.”

मिल्तोसनं कप खाली ठेवला. “डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? हौसेनं खायला आलेल्यांना मयताच्या जेवणाला आणू?”

“मासा ताजा आहे. बाकी त्यांना काय सांगायचं ते सांग. रोज सांगतोसच की.”

“अगं, साडेअकराला पान्देलिसकडे त्यांचा ऑक्टोपस ठरलाय. नववा घास.”

“मग आठवा माझा,” एवान्थिया म्हणाली. “मिल्त्या, मी एकटीनं तिथे बसू का रे? वीस खुर्च्या मांडून?”

मिल्तोसला थापा मारता यायच्या, पण मावशीला नाही म्हणता यायचं नाही.

रविवारी दहाला चौदाजण चर्चमध्ये शिरले. गोरेपान, भलेमोठे, पाठीवर पिशव्या, तोंडावर सकाळपासूनच्या सात घासांचं समाधान. बायकांनी मिल्तोसच्या सांगण्यावरून गळ्यातले रुमाल डोक्यावर घेतले होते. प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती. पाद्रीबाबा लुकासनी एरवी दहा मिनिटांत उरकलं असतं, घंटेचा खटला ते विसरले नव्हते. पण चौदा परके चेहरे आणि सात फोन आपल्याकडे रोखलेले पाहून त्यांनी गळा जो मोकळा सोडला, तो इस्टरलासुद्धा कुणी ऐकला नव्हता. दोन डॅनिश बायका चक्क रडल्या.

दालनात तर कहरच झाला. कोलिव्याचे फोटो निघाले. एका दाढीवाल्या डच माणसानं तो तीनदा वाढून घेतला आणि कृती विचारली. लसणाच्या चटणीबरोबर तळलेला कॉड आला, उकडलेली रानभाजी आली, पाव आला. ताटं पुसून निघाली. मिल्तोसनं त्यांच्याकडून ते चार शब्द ग्रीकमध्ये घोकवून घेतले होते. चौदाजण पेले उंचावून, वाढदिवसाच्या उत्साहानं ओरडायचे, “देव त्याला क्षमा करो!”

“फार दिलदार माणूस,” मिल्तोस त्यांना सांगत होता. “याच्या दारातून कुणी उपाशी गेलं नाही.”

पाद्रीबाबांना ठसका लागला.

खुर्च्या भरल्या होत्या. एवान्थियाला हायसं वाटायला हवं होतं, पण मनाला काही केल्या पटेना. ती पाद्रीबाबांच्या कानाशी वाकली. “बाबा, यांची क्षमा चालते का? यांचं त्यानं बिघडवलंय काय? हे तर त्याला ओळखतसुद्धा नाहीत.”

“म्हणून तर देताहेत,” पाद्रीबाबा म्हणाले आणि त्यांनी आणखी एक कॉडचा तुकडा उचलला.

बारा वाजायला आले आणि दार धाडकन उघडलं. पान्देलिस! कमरेला एप्रन, हातात चिमटा, चेहरा लालबुंद. त्याच्या मागे बेकरीवाली मारिगो, तिच्या मागे भाजीवाली आणि तो कालचा गुडघा. गुडघा अगदी धडधाकट चालत आला होता.

“चौदा ऑक्टोपस!” पान्देलिस गरजला. “निखाऱ्यावर चौदा ऑक्टोपस काळे पडलेत आणि तू यांना इथे बसवलंस होय रे मिल्त्या? बघा, बघा लोकहो! मेला तरी या माणसानं माझी टेबलं रिकामी केली!”

पान्देलिसला पुढे पुष्कळ बोलायचं होतं, बावीस वर्षांचं साचलेलं होतं. पण एवान्थिया उठून समोर आली. तिनं त्याच्या हातातला चिमटा काढून घेतला आणि त्या जागी कोनियाकचा पेला ठेवला. दुसऱ्या हातात कोलिव्याची वाटी. दारात आलेल्याला हे द्यायचं आणि आलेल्यानं घ्यायचं. वैरी असला तरी. इथे नाही म्हणायची पद्धतच नाही. पान्देलिस उभ्या जागी अडकला.

चौदाजणांनी आपापले पेले उचलले आणि त्याच्याकडे आशेनं बघायला लागले. नियम त्यांना आता तोंडपाठ होता. डच माणसानं तर मदत म्हणून पहिला शब्द उच्चारून दाखवला.

पान्देलिसनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. परक्यांसमोर गावची अब्रू घालवायची म्हणजे फारच झालं. उद्या हीच माणसं त्याच्या टेबलांवर येऊन बसायची होती. त्यानं चमचाभर गहू तोंडात कोंबले, बराच वेळ चावले.

“देव त्याला क्षमा करो,” तो म्हणाला. मग पेला रिकामा करून म्हणाला, “देवानंच करावी. माझ्याच्यानं होणार नाही.”

“तेवढंच म्हणायचं असतं,” पाद्रीबाबा घाईनं म्हणाले. “बाकीचं देव बघून घेतो.”

हे ऐकून मारिगोलाही बळ आलं. देवावरच ढकलायचं असेल तर मग तिला काय हरकत होती? तिनं म्हटलं. भाजीवालीनं म्हटलं. गुडघेवालीनं तर दोनदा म्हटलं आणि कॉड कुठे आहे ते विचारलं. मिल्तोसनं खुर्च्या सरकवल्या, पान्देलिसचे काळे ऑक्टोपससुद्धा कुणीतरी जाऊन आणले. दालनात बसायला जागा उरली नाही. एवान्थियाचे डोळे भरून आले. एकाएकाचं तोंड तिनं मोजलं होतं, एकूण एक सगळ्यांनी म्हटलं होतं.

“सगळ्यांनी नाही,” पान्देलिस म्हणाला. दुसऱ्या पेल्यानं त्याचा राग जरा मऊ पडला होता. त्यानं वाटीत कोलिवा भरून तिच्यापुढे धरला. “वहिनी, सकाळपासून आमच्याकडून वदवून घेताय. तुम्ही कुठे खाल्लात?”

सगळे तिच्याकडे बघायला लागले. डॅनिश बायकांनी पुन्हा रुमाल काढले. विधवेचे शब्द म्हणजे आजच्या दिवसाचा कळस, हे त्यांना न सांगता कळलं होतं. डच माणसानं फोन वर धरला.

एवान्थिया वाटीकडे बघत राहिली. चाळीस वर्षं तिनं त्या खाणावळीत स्वयंपाक केला होता. बाहेर तीस टेबलं, गल्लीच्या टोकाला समुद्र. एकदा, लग्नाच्या पहिल्याच वर्षी, दुपारी गल्ली ओस पडलेली असताना ती ताट घेऊन त्यातल्या एका टेबलावर बसली होती. अनार्गिरोस आतून आला आणि म्हणाला होता, “ऊठ. जागा अडते.” मग पुढची सगळी जेवणं तिनं चुलीपाशी उभ्यानं उरकली. पाय सुजायला लागले तेव्हासुद्धा उभ्यानंच. त्याच्यासाठी तिनं गावभर क्षमा गोळा केली होती, आणि स्वतःच्या तोंडात मात्र शब्द येईना.

तिनं वाटी पान्देलिसच्या हातातून घेतली आणि हळूच टेबलावर ठेवली.

“आज चाळीसच दिवस झालेत,” ती म्हणाली. “माझं वर्षाला बघू.”

मग तिनं एक खुर्ची ओढली, खिडकीपाशी नेली, तिच्यावर ऐसपैस बसली आणि मिल्तोसला म्हणाली, “मला वाढ.”