मेरुमणी नसलेली माळ

मी एक माळ बोलतेय. पण तुमच्या देवघरातली नव्हे. शिसवी मण्यांची, टोकाला क्रॉस लोंबणारी. केरळात जन्मले आणि सिस्टर रोझम्मांच्या खिशातून सुरतेला आले. त्यांच्या हातात मी गोल गोल फिरायची. बोटं क्रॉसपाशी आली की पुढचा फेरा सुरू. प्रार्थना अशीच होते, अशी माझी पक्की समजूत होती.

चौऱ्याण्णवला, प्लेगच्या साली, सुरतेतल्या नवागामची खानदेशी माणसं मिळेल त्या गाडीने गावी पळाली. सिस्टर मिशनच्या दवाखान्यात थांबल्या, आणि त्यांची आया उषाबाईही. पुढे बदली झाली तेव्हा सिस्टरांनी मला उषाबाईच्या ओंजळीत ठेवलं.

उषाबाई माळकऱ्याची लेक. तिने जुन्या साडीची जपाची पिशवी, गोमुखी, शिवली आणि मला आत घातलं. मला वाटलं, हिला माझी लाज वाटते की काय! मग तिचा हात आत आला. तर्जनी बाजूला ठेवून 'राम कृष्ण हरी' म्हणत ती क्रॉसपर्यंत पोचली आणि चक्क मागे फिरली. मी अशी चिडले! पण तिच्या लेखी तो मेरुमणी होता, आणि मेरू ओलांडायचा नसतो.

तिचा नवरा धुडकू कापडाच्या लूमवर कामाला. तो भडकला. "गळामा तुळशीनी माळ शे ना? मंग हाई कसाले? तापीमा टाकी दे."

"नाव तर आपलाच देवनं लेस ना मी," ती म्हणाली.

रविवारी तो मला तापीवर न्यायला उठला, तेवढ्यात दवाखान्यातल्या नव्या सिस्टर ल्युसी दारात. माळ अशा जपासाठी नसते, ती परत द्या, असं त्या म्हणाल्या. दोन्हीकडून हात पुढे आले. उषाबाईने मला मुठीत आवळलं. मला फार भीती वाटली.

"क्रॉस से वापस क्यों लौटती हो?" सिस्टरांनी विचारलं.

"भगवान को लांघके कैसे जानेका?"

"लांघना कहाँ? उसी में से होकर जाना है।"

"आप जाव, सिस्टर. मेरे को मेरी माय ने इधर रुकना सिखाया."

 सिस्टरांनी हात मागे घेतला. धुडकू कोपऱ्यात जाऊन बसला आणि म्हणाला, "सिस्टरले चहा ठेव."

आता माझे मणी गुळगुळीत झालेत. दोरा तुटला तेव्हा धुडकूनेच लूमच्या धाग्यात मला ओवलं. मी पुढे जाणारी बोटं पाहिली, थांबून वळणारीही पाहिली. घाम दोन्हींना सारखाच यायचा. मला तापीत सोडू नका, परत मागू नका. उषाबाईच्या हातातच झिजायचं, हे मी ठरवलंय.