आलो की बघतो

मित्रांनो, मला पाहिलंत तर आधी तुम्ही विचाराल, "हा मायक्रोवेव्ह का?" विचारा. सवय आहे मला. मी एक म्हातारा, कपडे वाळवायचा ड्रायर. ओट्याच्या कोपऱ्यात मावेन एवढाच. दोन बाजूंना उचलायच्या कड्या, पुढे काचेचं गोल दार, आत फिरणारं पत्र्याचं पिंप आणि पाठीत गरम हवा सोडायचं भोक. चालू केलं की घरघरतो, पण काम चोख करतो.

माझा जन्म कुठे झाला ते पाठीवरच्या पट्टीवर लिहिलेलं होतं. ती पट्टी केव्हाच गळून पडली. मला आठवतो तो सौदीतल्या दम्मामचा जुना बाजार. तिथे मी एका फाटक्या सतरंजीवर बसलेला असे आणि लोक माझ्याकडे बघून हसत. हसतील नाही तर काय! त्या उन्हात चादर दोरीवर टाकून माणूस वळेपर्यंत ती वाळलेली. तिथे मला कोण घेणार? पण एके दिवशी पनवेलचा अब्दुल आला. बंदरावरच्या गोदामात कामाला होता बिचारा. त्याने माझं दार उघडलं, आत हात फिरवला आणि सोबतच्या दोस्ताला म्हणाला, "आमच्याकडे जुलैत रुमाल वाळत नाही रे. शहाबानो खूश होईल." एवढं ऐकलं आणि मी त्याचा झालो.

खोक्यात बसून, नायलॉनच्या दोरीने करकचून आवळलेला असा मी पनवेलला आलो. माझ्यासोबत एक लोखंडी डबाही आला, ट्रान्सफॉर्मर. मी एकशेदहा व्होल्टवर चालणारा आणि इथल्या भिंतीतली वीज त्याच्या दुप्पट जोराची. म्हणून वीज आधी डब्यात जायची, तिथे शांत व्हायची, मग माझ्यात यायची. सौदीहून सामान येणाऱ्या घरांत हे पोरासोरांनाही ठाऊक असतं.

काय दिवस होते ते! पाऊस धरला की बिल्डिंगभरच्या शाळेच्या गणवेशांची माझ्यापुढे रांग लागायची. समोरच्या दारातल्या सुनीताताई मोजे घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "भाभी, तुमचा ड्रायर म्हणजे देवमाणूस हो!" अब्दुलची बायको शहाबानो कौतुकाने माझी काच पदराने पुसायची. अब्दुल सुट्टीवर आला की स्क्रू ड्रायव्हर घेऊन माझ्यापुढे मांडी घालून बसायचा आणि तेलपाणी करायचा. तो माझ्याशी बोलायचासुद्धा, पण ते मी कुणाला सांगणार नाही.

मग घात झाला. शहाबानोचा मुलगा नोमान तेव्हा दहावीत होता. त्याला मित्रांबरोबर जायचं होतं आणि जीन्स ओली. डबा स्वयंपाकघरात सौदीच्याच मिक्सरला लावलेला, त्यात मासळीचं वाटण चाललेलं. थांबेल तर नोमान कसला! त्याने माझी पिन सरळ भिंतीत घातली. फट् असा आवाज झाला, धूर निघाला आणि माझ्या पोटातली कॉइल जळून गेली. शहाबानोने पोराला असा झाडला की विचारू नका. रात्री अब्दुलचा फोन आला. तो म्हणाला, "कोणाला हात लावू देऊ नको. दुकानवाले खोलून ठेवतील आणि पार्ट बदलतील. मी आलो की बघतो."

मित्रांनो, अब्दुल आला नाही. गोदामातच त्याच्या छातीत कळ आली. दफनही तिकडेच झालं. त्याची बॅग तेवढी घरी आली.

मला माळ्यावर चढवलं. अंगावर जुनी चादर आली, त्यावर गाद्या, त्यावर धूळ. खाली नोमान मोठा होऊन दोहाला गेला. लेक अलिना लग्न होऊन नेरूळला गेली. डोळ्यांवर चादर असली तरी कान उघडे होते. घर हळूहळू गप्प होत गेलेलं मी ऐकलं. शेवटी एकाच कपात चहा ओतल्याचा आवाज उरला.

सुनीताताईंचे यजमान गुरुदत्तभाऊ वीज मंडळातून निवृत्त झालेले. हातात पक्कड नसेल तर त्यांना चैन पडत नाही. ते दारातून विचारायचे, "भाभी, तो ड्रायर बघू का एकदा?"

"राहू दे भाऊ. ते आले की..." शहाबानो म्हणायची आणि तिथेच थांबायची. मग उगाच भांडी घासायला लागायची. मला कळायचं. मला दुसऱ्या कुणी दुरुस्त केलं, तर अब्दुल येणार नाही हे कबूल करावं लागणार होतं. म्हणून मी बिघडलेलाच बरा होतो. पण फार एकटं वाटायचं हो. तिलाही आणि मलाही.

यंदा अलिनाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. शहाबानोने मऊ सुती साड्यांची दुपटी शिवायला घेतली. तेवढ्यात जावई फुजैलचा फोन आला.

"अम्मी, ऑगस्टमध्ये तुमच्याकडे भिंतींना ओल असते. बाळाचे कपडे वाळणार कसे? अलिनाला इथेच राहू दे. आमच्याकडे मशीन आहे."

"मशीन आमच्याकडे पण आहे, बेटा! इंपोर्टेड!"

"तो ना? तो तर बंद आहे, अम्मी."

"कोण म्हणतं बंद आहे?"

तिने फोन ठेवला. वर माळ्याकडे बघितलं आणि कपाळाला हात लावून खाली बसली. थाप तर मारून बसली होती! आता मी चाललो नाही, तर लेक येणार नव्हती. थोड्या वेळाने ती उठली आणि समोरचं दार वाजवलं.

गुरुदत्तभाऊंनी मला खाली उतरवलं. सुनीताताई सोबतीला वाल सोलत बसल्या. भाऊंनी स्क्रूला हात घातला तशी शहाबानो म्हणाली, "थांबा." तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, बिस्मिल्ला म्हटलं आणि अगदी हळू बोलली, "ते आता येणार नाहीत, भाऊ. खोला."

भाऊंनी गंज घासला, उंदराचं घरटं काढलं, सुटलेला पट्टा बदलला, नवी कॉइल ओवली. नशिबाने मोटार वाचली होती. पण डबा? डबा कुठेच मिळेना. भाऊंनी बाजार पालथा घातला, तसा डबा आता कुणी ठेवत नाही. "भंगारात गेला असेल," शहाबानो म्हणाली. तिचा चेहरा पडला. भाऊ हिरमुसून बाल्कनीत हात झटकायला गेले आणि ओरडले, "आई गं!"

अंगठा ठेचकाळला होता. वाऱ्याने बाल्कनीचं दार आपटू नये म्हणून तिथे एक जड ठोकळा टेकवलेला असायचा. रंगाऱ्याने दाराबरोबर त्यालाही हिरवा रंग फासून टाकला होता. भाऊ खाली वाकले. "अहो भाभी, हाच की तो!" शहाबानो इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. ते हसणं मी कित्येक वर्षांनी ऐकत होतो.

अलिना आली. माहनूर जन्मली. मग काय सांगू! दुपटी, झबली, लंगोट, मला दम खायला उसंत नाही. शहाबानो माझ्यातून निघालेलं ऊबदार दुपटं आधी स्वतःच्या गालाला लावायची, मग नातीला गुंडाळायची. माझं सगळं आयुष्य वसूल झालं.

बाळंतिणीची चाळिसाव्या दिवसाची आंघोळ झाली आणि फुजैल गाडी घेऊन आला. घर पुन्हा गप्प झालं.

काल पलंगाखाली एक झबलं सापडलं. शहाबानोने ते धुतलं, माझ्यात टाकलं आणि लेकीला फोन लावला.

"अगं, पिवळं झबलं इथेच राहिलं बघ."

"राहू दे, अम्मी. मी आले की बघते."

शहाबानोचा हात माझ्या काचेवर तसाच राहिला. मी घरघरत होतो, तेवढाच आवाज.

"नको," ती म्हणाली. "तू नको येऊस. मीच निघते. आत्ता."

तिने मला बंद केलं, गरम झबलं छातीशी धरून बुरखा चढवला आणि कुलूप लावून रिक्षा धरायला खाली उतरली. मी ओट्यावर एकटाच राहिलो. पिंप अजून कोमट होतं. वाईट वाटलं का? वाटलं. पण माळ्यावर वाटायचं तसं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही माळ्यावर कुणी पडलेलं असेल, तर त्याला खाली काढा, पुसा, चालवून बघा. आणि घरात कुणी तुमची वाट बघत असेल, तर त्याला 'आलो की बघतो' असं सांगू नका. आजच जा.