कपाळावरचं शून्य

गेल्या सोमवारपासून आमच्या लाकूड कापायच्या सीएनसी यंत्राचं शून्य माझ्या कपाळावर आहे.

शून्य म्हणजे यंत्र जिथून सगळी मापं धरतं ती जागा. ती फळीच्या कोपऱ्यावर द्यायची असते. पण दिवसाचा पहिला कट घेण्याआधी यंत्राच्या बिटाला, म्हणजे कापायच्या टोकाला, डोकं टेकवायची आमची रीत आहे. वडील रंध्यालाही टेकवायचे. मी वाकलो तेव्हा रिमोट हातातच होता आणि शून्य धरायचं बटण दाबलं गेलं. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. यंत्र टुक् करून थांबलं.

संध्याकाळी घरी निघालो. कारखान्याच्या फाटकापाशी पोचलो तोच हारुगडेअण्णांचा फोन. गेल्या महिन्यात त्यांना देव्हारा करून दिला होता.

"अवं सुतार, देव्हारा देवांसकट भिंतीत घुसलाय की!"

मी मागे आलो.

"हां, बसला जाग्यावर. आता हलू नगासा."

मी पुढे झालो की यंत्राने आजवर कापलेलं सगळं तेवढंच पुढे जात होतं. आमच्या ऑर्डरी दहा-पंधरा नगांच्या. कुठे पाट, कुठे देव्हारे, कुठे पाळणे. मोठे कारखानदार अशा कामाला हात लावत नाहीत, म्हणून गडहिंग्लजच्या गल्लीगल्लीत माझाच माल आहे. याचा मला फार अभिमान होता.

शिवाय प्रत्येक ऑर्डरीतला पहिला नग आम्ही विकत नाही, घरी ठेवतो. घराचं दार तसलंच, लेकीचा, चिमीचा, पाळणाही.

दुसऱ्या दिवशी हट्टाने घरापर्यंत चालत गेलो. दार माझ्यापुढे चालत राहिलं. पाळणा मागच्या भिंतीतून निघून उसात शिरला. दाराविना उघड्या चौकटीत माझी बायको शलाका उभी होती, कडेवर चिमी.

"अहो, मागे फिरा. तिची झोपायची वेळ झाली."

चिमीने माझ्याकडे हात पसरले. मला रडू आलं, आणि मी मागे फिरलो.

मग माझा माल घेतलेले लोक कारखान्यात आले. कुणी आवाज चढवला नाही. भाकरी-पिठलं घेऊन आले होते. मला जेवू घातलं, यंत्राच्या टेबलावर झोपवलं आणि फळी आवळून धरायचे क्लॅम्प लावायला घेतले. नग थरथरला तर कट बिघडतो, हे मीच सगळ्यांना सांगत आलोय. कपाळावरचा शेवटचा क्लॅम्प शलाकाने आवळला, खाली मऊ फडकं घालून.

"घट्ट झाला का?"

"जरा सोड."

तिने सोडला नाही.

"अण्णा, शून्य दुसऱ्या कुणाला देता येईल?" मी विचारलं.

"येईल की. पण म्हातारं माणूस नको. सारखं कोण बदलत बसणार? टिकणारं पायजे."

अण्णांनी मान खाली घातली. बाकीच्यांनीही घातली. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. सुटायची इच्छा मात्र मेली नव्हती.

आज शलाका चिमीला घेऊन आली. तिला टेबलावर माझ्या पायांपाशी बसवलं. चिमीला नवं झबलं घातलं होतं, काजळ-पावडर केली होती. मग शलाकाने रिमोट पदराला पुसला.

"शलाका, तो खाली ठेव."

"नुसतं टेकवायचं आहे. बिट फिरत नाहीये, तिला लागणार नाही. तुम्ही घरी या हो. मला एकटीने होत नाही."

"आणि ती?"

"ती कुठे चालते अजून?"

बिट सावकाश चिमीच्या डोक्यावर येऊ लागलं. मी जीव खाऊन मान उजवीकडे ओढली. कपाळाची कातडी फाटली, क्लॅम्प बोटभर हलला, आणि बिटही तेवढंच बाजूला गेलं. बाहेर गावभर देव्हारे हलले, भांडी कोसळली, बायका किंचाळल्या. मी आणखी ओढली. बिट आणखी सरकलं.

चिमी खुदकन हसली आणि बिटामागे रांगू लागली.