एअरबॅगची घडी

घड्याळजींनी ब्रेक समजून जे दाबलं, ते ॲक्सिलरेटर निघालं. गाडी फाटकातून सुसाट सुटली आणि समोरच्या भिंतीला भिडली. धाडकन आवाज झाला, स्टिअरिंगमधून पांढरी उशी उसळून तोंडावर आदळली आणि क्षणभर त्यांना वाटलं, आटोपलं आपलं. पण नाक जागेवर होतं, हातपाय हलत होते. डॉक्टरांनीही तपासून घरी सोडलं. खरी भीती त्यानंतर सुरू झाली. गाडी बायकोची होती, आणि बायको संध्याकाळच्या बसने परतणार होती.

गाडी टोचन करून त्यांनी बायकोच्या थोरल्या बहिणीच्या शेडमध्ये आणली. मोडीत निघालेल्या गाड्या खोलायचा ताईंचा धंदा. बोलणं मोजकं, काम चोख. त्यांनी आधी बॅटरीची तार काढली.

"भावजी, आता पंधरा मिनिटं गाडीला हात लावायचा नाही. तार काढली तरी आत थोडी वीज राहते," असं बजावून त्या हातमोजे आणायला आत गेल्या.

घड्याळजींचा घड्याळदुरुस्तीचा तीस वर्षांचा अनुभव सांगत होता की जे डबीतून बाहेर आलं, ते डबीत परत जातंच. ते हळूच सीटवर बसले आणि त्या लोंबणाऱ्या उशीची उघड्या हातांनी घडी घालू लागले. आधी उभी, मग आडवी. कोंबली की एका बाजूने बाहेर. शेवटी त्यांनी गुडघा लावला. पांढऱ्या पावडरीचा लोट उठला आणि भुवया, मिशा एका रंगाच्या झाल्या.

"हे काय चाललंय?" ताई दारात उभ्या होत्या.

"घडी बसवतोय. वरून झाकण चिकटवलं की हिला कळायचंसुद्धा नाही."

"छत्री आहे का ती, मिटली आणि ठेवली? एकदा फुगली की तिचं काम संपलं. उतरा! आणि डोळे चोळू नका, ती पावडर झोंबते. साबणाने हात धुवा, मग डोळ्यांवर पाणी मारा."

डोळे केव्हाच चोळून झाले होते. घड्याळजींनी बराच वेळ पाणी मारलं. आग कमी झाली, पण धार थांबेना.

तोवर चष्मा, मास्क आणि हातमोजे घालून ताईंनी ती फुटलेली बॅग सोडवली. पावडर आत राहील अशी गुंडाळून जाड प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि तोंड बांधलं. गाडीची आतली बाजू ओल्या फडक्याने पुसली.

"कापड मात्र भक्कम आहे हो," घड्याळजी म्हणाले. "बाजाराची पिशवी होईल छान."

"होईल की. भाजीबरोबर खाजही येईल घरी."

घड्याळजींनी पिशवीचा नाद सोडला आणि ते पुन्हा गाडीत जाऊन बसले. शेजारच्या सीटसमोरची एअरबॅग फुगलेलीच नव्हती. तीच काढून इकडे बसवली तर? त्यांनी खिशातला बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि फटीत घालणार, एवढ्यात ताई केवढ्यांदा तरी ओरडल्या.

"हात मागे! फुटलेलीपेक्षा न फुटलेली वाईट. आत बार भरलेला आहे!"

घड्याळजी हात वर करून तसेच थिजले. "उतरू का?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"उतरा."

शेजारी तान्हं बाळ झोपलंय अशा बेताने ते उतरले आणि थेट रस्त्यापर्यंत गेले. ताईंनी ती बॅग सोडवली, झाकण स्वतःपासून लांब धरून उचलली, लोखंडी कपाटात झाकण वर करून ठेवली आणि कुलूप लावलं. मग असल्या वस्तू नष्ट करायचा परवाना असलेल्या लोकांना फोन करून ती घेऊन जायला सांगितलं.

तेवढ्यात बायको आली. शेजारणीने बसमध्येच तिला फोनवर सगळं कळवलं होतं. वाटभर जमवलेली वाक्यं तिच्या ओठांवर होती. पण समोर नवरा उभा होता, डोळे लालबुंद, गालांवरून पाणी ओघळतंय.

"अहो, रडताय काय!" ती विरघळलीच. "गाडीचं काय एवढं? तुम्ही धड आहात ना?"

घड्याळजींनी ताईंकडे पाहिलं. ताई चष्म्याची काच पुसण्यात गढून गेल्या होत्या.

"चुकलंच गं माझं," घड्याळजी म्हणाले.

कंपनीच्या माणसांनी नव्या एअरबॅगा बसवायला तीन आठवडे घेतले. तेवढे दिवस घड्याळजी पायी दुकानात गेले, दोन किलो उतरले. आणि बायको भेटेल त्याला सांगत राहिली की वरून दिसत नाही, पण आमच्या ह्यांचं मन फार हळवं आहे.