गिळलेले चार शब्द

“मी सांगतो त्यावर या भिंगारात कोणी विश्वास ठेवणार नाही. तूही ठेवू नकोस,” असं म्हणत हसकेलनानांनी मिलकाच्या पुढ्यातला कप उचलला आणि निम्मा चहा आपल्या बशीत ओतून घेतला.

मिलका कराचीच्या लष्करी इस्पितळात नर्स होती. मागच्या साली बाप गेला तेव्हा लढाई चालू होती, रजा मिळाली नाही. आता आल्या आल्या ती टांगा करून थेट नानांकडे आली होती. बाप प्रार्थनागृहाचे मुकादम, म्हणजे तिथले प्रमुख. आणि इथल्या मूठभर इस्राएली घरांत मयतावर चार शब्द बोलायचा मान नानांचा. ते शब्द तिला ऐकायचे होते. टांगेवाला खाजाभाई पायरीवर टेकला होता. मुकादमांचं मयतही त्याच्याच टांग्यातून गेलं होतं.

“असं भाषण तयार होतं,” नाना म्हणाले, “की कबरस्तानातली बाभूळ ढसढसा रडली असती. पण गिळावं लागलं. पुढे आठवडाभर उचक्या.”

“का गिळलंत?”

नानांनी बशी फुंकली. त्या दिवशी रोश होदेश होता, ते म्हणाले, नव्या चंद्राचा दिवस. त्या दिवशी स्तुतीची स्तोत्रं म्हणायची. रोजच्या प्रार्थनेतली पापांची रडारडसुद्धा गाळायची, उपास धरायचा नाही, आणि मेलेल्याचे गुण गाऊन कोणाला रडवायचं तर नाहीच नाही. खाजाभाईच्या घोड्यालाही ते कळलं होतं. मान खाली घालून चालला, एकदा फुरफुरला नाही.

खाजाभाई गालात हसला. घोड्याची स्तुती त्याने चालू दिली.

“तुझा बाप नियमाचा पक्का. तुला ठाऊकच आहे.”

मिलकाला ठाऊक होतं. ती लहान असताना, नानांच्या बायकोच्या वर्षदिनाला दौंडची गाडी लेट झाली. नाना स्टेशनावरून पळत आले. सूर्य बुडायच्या आतल्या प्रार्थनेत, मिन्हात, बायकोच्या नावाने कद्दीश, म्हणजे मेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणायचा होता. आतली माणसं थांबायला तयार होती. तिच्या बापाने खिडकीतून आभाळ पाहिलं. सूर्य बुडाला, दिवस बदलला, वर्षदिन संपला, असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. घामाने भिजलेली टोपी तशीच डोक्यावर, नाना बाहेर कितीतरी वेळ उभे होते.

“नियम मोडलेला बाबांना आवडला नसता,” ती म्हणाली. “बरंच केलंत तुम्ही.”

“अगदी त्यांच्या मनासारखं केलं,” नाना म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं. “माती पडली तेव्हा सूर्य बुडाला होता, रोश होदेश लागला होता. मी आभाळाकडे पाहिलं, आणि तोंड मिटून घेतलं.”

त्यांनी कप तिच्याकडे परत सरकवला. मिलकाने पदराने डोळे पुसले आणि त्यांच्या पाया पडायला ती वाकली.

खाजाभाई पायरीवरून उठला.

“नाना,” तो म्हणाला, “महिना आमीबी चंद्र बघूनच धरतो. त्या दिशी मी कंदील इसरलो हुतो. तुमीच म्हनालात, कंदील कशाला, चांदनं हाय की. पुनव हुती त्या दिशी.”